नऊ नंबरच्या शेकोटीतलं अस्वल

"अकरा तंबू, सहा मोटरहोम, पाण्याचा एक नळ आणि शेकोटीची अठरा लोखंडी कडी!" ग्रेटा नोव्हाक बोटांवर मोजत म्हणाली. "सतरा शेकोट्यांमध्ये काल रात्रीची राख आहे तशी आहे. एकच उकरलेली. तीसुद्धा जिथं कुणी राहतच नाही तिथली!"

ती सरोवराजवळच्या तळावरची नऊ नंबरची जागा होती. उन्हाळ्याच्या सुरुवातीला एक पाइन तिथल्या टेबलावर कोसळला होता, तेव्हापासून ती बंदच होती.

"मोठा कुत्रा असेल," तिचा दहा वर्षांचा भाऊ वेंडल म्हणाला.

"एवढी नखं? कुत्र्याला?" शेजारच्या तंबूतल्या इमानीनं राखेतल्या पाच लांब ओरखड्यांवर आपला पंजा धरून दाखवला. वेंडल दोन पावलं मागं सरकला!

इतक्यात नळापाशी शिट्टी वाजली. रेंजर टिबेट्सबाईंनी सगळ्या तळाला बोलावलं होतं. ग्रेटाचे बाबा हातात हवा गेलेली गादी घेऊनच धावत आले. रात्रभर जमिनीवर झोपून त्यांची पाठ धरली होती.

"काल आणि आज, दोन्ही पहाटे अस्वल येऊन गेलंय," टिबेट्सबाई म्हणाल्या. "कुणाला काही केलेलं नाही. पण त्याला इथं काहीतरी खायला मिळतंय. उद्या पुन्हा आलं तर सगळे तंबू उठवायचे, असा वरून हुकूम आहे. पत्र्याच्या भिंतीची, चाकांवरची मोटरहोम तेवढी राहतील."

"अहो, जानेवारीत सकाळी आठच्या ठोक्याला कॉम्प्युटरसमोर बसून जागा मिळवलीय!" इमानीची आई म्हणाली. "पाच मिनिटांत सगळा जुलै संपला होता!"

ग्रेटाच्या बाबांनी हातातली गादी खाली ठेवली. कारखान्यानं त्यांना हा एकच आठवडा सुट्टी दिली होती. तंबू उठला की घर, आणि सोमवारपासून पुन्हा रात्रपाळी. ग्रेटानं त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं.

"तंबूवाल्यांची पोरं उशाशी चॉकलेट घेऊन झोपतात, दुसरं काय!" मोटरहोमच्या पायरीवरून बडआजोबा गडगडाट करत हसले. त्यांना सगळा तळ याच नावानं हाक मारायचा. रोज सकाळी ते एप्रन बांधून तळातल्या यच्चयावत पोरांना पॅनकेक आणि बेकन खाऊ घालत.

"टीव्ही आणि फ्रिज घेऊन जंगलात येणाऱ्यांनी बोलू नये!" बाबा म्हणाले.

"आणि दगडावर पाठ मोडून घ्यायला तीनशे मैल गाडी हाणणाऱ्यानं?" बडआजोबांनी विचारलं. "चल, गरम कॉफी घे. फ्रिजातलं दूधही घाल!"

बाबा गेले. दूधही घातलं.

पोरांनी मात्र तंबू तपासायला घेतले. अस्वलाला उघडता येऊ नये अशा कडीच्या लोखंडी पेट्या प्रत्येक जागेवर होत्या. इमानीनं एकूण एक कडी ओढून पाहिली. सगळ्या घट्ट! वेंडलनं तर बॅगांत डोकं घालून वास घेतला आणि बाबांच्या मोज्यांपाशी शिंकून बाहेर आला.

"तंबूंत काही नाही," ग्रेटा म्हणाली. "म्हणजे जे काही आहे ते नऊ नंबरलाच. अस्वलानं दुसरं काही उकरलंच नाही ना!"

तिघं परत त्या शेकोटीपाशी गेली. वरची राख भुरभुरीत होती, पण काडी खाली खुपसली तर खालची राख काळ्या गोळ्यासारखी काडीला चिकटून आली. वेंडलनं ती नाकाशी धरली.

"ए, बेकन!"

"तुला सगळीकडे बेकनच दिसतं!" इमानी म्हणाली.

"दिसत नाही, वास येतोय! घे, तूच बघ!"

इमानीनं वास घेतला आणि तिचे डोळे मोठे झाले. तेवढ्यात पाऊलवाटेवर पावलं वाजली. तिघं पडलेल्या पाइनमागं आडवी झाली.

शीळ घालत बडआजोबा आले. हातात काळा तवा होता. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, तवा कलंडवला आणि बेकन तळून उरलेली वितळलेली चरबी राखेत ओतली. वर पायानं थोडी राख ढकलली आणि शीळ घालतच परत गेले.



"आपल्याला त्यांनी आज सहा-सहा पॅनकेक दिले," वेंडल कुजबुजला.

"तू नऊ खाल्लेस," इमानी म्हणाली. "पण सांगायचं कसं? चारचौघांत चहाडी केल्यासारखं होईल. आणि ते म्हणतील, पोरांना काय कळतं!"

ग्रेटा राखेकडं पाहत होती. "आपण सांगायचंच नाही. राखेलाच सांगू द्यायचं!"

दुपारी टिबेट्सबाई पेट्या बघत फिरत होत्या. पोरांनी त्यांना बडआजोबांच्या टेबलापाशी आणलं. टेबलावर एक पातेलं होतं, त्यात गरम पाणी.

"बडआजोबा, तुम्ही चाळीस वर्षं तळ ठोकताय ना? मग सांगा, चरबी शेकोटीत टाकली तर सगळी जळून जाते?" ग्रेटानं विचारलं.

"सगळी! धूर होऊन जाते!"

"राखेत काहीच उरत नाही?"

"उरली तर माझं आजचं आइस्क्रीम तुमचं!"

इमानीनं डबाभर राख पातेल्यात ओतली आणि ढवळली. राख तळाशी बसू लागली. मग पाण्यावर चरबीचा एक पिवळा डोळा आला. दुसरा आला. बघता बघता डोळे एकमेकांना मिळाले आणि पातेल्यावर चकचकीत साय धरली. बेकनचा वास दरवळला!

"ही राख कुठली?" टिबेट्सबाईंनी विचारलं.

ग्रेटानं इमानीकडं पाहिलं. वेंडलनं तर तोंडावर हात ठेवला.

बडआजोबांनी एप्रन सोडला. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "नऊ नंबरची," ते म्हणाले. "मीच ओततो तिथं. आमच्या हिला, डोरीनला, दारात तो वास नको होता. म्हटलं, बंद जागा आहे, कुणाला त्रास नाही."

"अरे बड!" मोटरहोमच्या खिडकीतून डोरीनआजी ओरडल्या. "डब्यात भर म्हटलं होतं ना मी? कॉफीचे चार रिकामे डबे कशाला जपलेत?"

"बंद शेकोटीत आग नसते, थंड राखेत चरबी नुसती मुरते," टिबेट्सबाई म्हणाल्या. "अस्वलाला ती मैलभरावरून कळते. आता एकच उपाय. ती शेकोटी तळापर्यंत रिकामी करायची, आजच. उद्या पहाटे अस्वल आलं नाही, तर तंबू राहतील. आलं तर माझा इलाज नाही."

बडआजोबांनी फावडं उचललं. "पोरांवर आळ घेतला मी," ते ग्रेटाच्या बाबांना म्हणाले. "सरक जरा, तुझी पाठ धरलीय. मी खणतो."

"तुमचं वय बघा आणि मग बोला!" बाबांनी दुसरं फावडं घेतलं. दोघांनी भांडत भांडत सगळी राख आणि खालची ढेकळं झाकणाच्या पिंपात भरली. पोरांनी कडं वाळूनं घासलं, भोवतीची जमीन सपाट केली. पिंप टिबेट्सबाईंच्या गाडीतून तळाबाहेर गेलं. आइस्क्रीम तिघांत वाटलं गेलं.

सकाळी ग्रेटाला जाग आली ती बाबांच्या हाकेनं. सगळा तळ नऊ नंबरभोवती उभा होता. सपाट केलेल्या मातीवर एका खारीची धावपळ तेवढी उमटली होती.

"तंबू राहतील!" टिबेट्सबाईंनी जाहीर केलं. "तिघांनी नीट बघितलं, आणि कुणाला खाली बघायला न लावता दाखवलं. मला असे मदतनीस हवेत."

"माझ्यापेक्षा हुशार निघाली!" बडआजोबांनी वेंडलच्या पाठीत एवढी थाप मारली की तो खोकला.  बाबांनी ग्रेटाच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला.

इतक्यात सरोवराच्या वाटेवरून इमानीची हाक आली. ओल्या चिखलात अस्वलाचा ताजा, रुंद ठसा होता. पाचही नखं स्पष्ट! टिबेट्सबाईंनी मोजायची फीत काढली. वेंडलनं एक टोक ठशापाशी धरलं, ग्रेटा दुसरं घेऊन तळाच्या कुंपणाकडं निघाली. फीत चार वेळा पुन्हा लावावी लागली.

अंतर चारशे दहा फूट. ठशाची बोटं सरोवराकडं, तळाकडं पाठ.