लाल पिकअप, पांढरी पिकअप

हेरगिरी करायची तर ती नीट करायची, असं चिमणीनं ठरवलं होतं. शोरूमचा लाल टी-शर्ट काढून तिनं मावसबहिणीचा फुलाफुलांचा कुर्ता घातला, डोळ्यांवर गॉगल चढवला आणि रस्ता सरळ ओलांडण्याऐवजी पुढच्या चौकातून वळसा घालून, या शहरात आजच उतरल्याच्या थाटात, ती समोरच्या शोरूममध्ये शिरली.

समोरचं शोरूम पांढऱ्या कंपनीचं, आणि त्यांची नवी पिकअप त्याच दिवशी आली होती. चिमणी विकायची लाल कंपनीच्या पिकअप. दोन्ही शोरूम समोरासमोर, मध्ये फक्त दुभाजक, आणि कंपन्यांमधून विस्तव जात नव्हता. एकीनं मागचा हौदा अर्धा फूट वाढवला की दुसरी पाऊण फूट वाढवायची. एकीनं फुकट सर्व्हिसिंग जाहीर केलं की दुसरी त्यावर टायर द्यायला निघायची. गिऱ्हाइकांची चंगळ चालली होती आणि विकणाऱ्यांच्या नाकी नऊ आले होते.

अंगानं लहानखुरी म्हणून वडिलांनी तिला चिमणी म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव शोरूमपर्यंत कसं पोचलं देव जाणे. ‘चिमणी म्हणे पिकअप विकते!’ हा विनोद तिथल्या प्रत्येकानं एकदा तरी करून घेतला होता. मग ती सगळ्यांपेक्षा जास्त गाड्या विकायला लागली आणि विनोद आपोआप बंद पडला.

“नमस्कार. गाडी कशासाठी हवी आहे?”

आवाज बराच वरून आला होता. चिमणीनं मान वर केली… आणखी वर केली. इतक्या उंच माणसाला पिकअपच्या केबिनमध्ये कोंबतात तरी कसा, हा पहिला विचार तिच्या मनात आला. दुसरा विचार आला तो त्याच्या डोळ्यांबद्दल. पण आपण कामावर आहोत हे आठवून तिनं तो तिथल्या तिथे झटकला.

“भावाची रोपवाटिका आहे,” ती म्हणाली. “कुंड्या, माती, खत… असलं काहीबाही न्यायला.”

“भाऊ नाही आले?”

“त्याला गाडीतलं कळत नाही.”

“आणि तुम्हाला कळतं?”

“थोडंफार.”

“मग चालवूनच बघा की,” असं म्हणत त्यानं किल्ली तिच्या हातावर ठेवली.

तो शेजारी बसला तेव्हा त्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकले. केबिनमध्ये कोऱ्या सीटचा वास भरला होता. चिमणीनं आरसे ठीक केले, क्लच दाबला आणि रोजच्या सवयीनं, डोळे मिटूनही जमेल अशा सहजतेनं, गिअरचा दांडा डावीकडे वर ढकलला. गाडी निघाली ती थेट मागे. ‘रस्त्याचा नवा राजा’ असं लिहिलेला पुठ्ठ्याचा भलामोठा फलक आडवा झाला तेव्हाच ती थांबली.

लाल गाडीत त्या जागी पहिला गिअर असतो, पांढरीत रिव्हर्स. ही चूक नवशिक्याच्या हातून होत नाही. दिवसभर लाल पिकअप चालवणाऱ्याच्याच हातून होते.

शेजारच्यानं मान वळवून आडव्या फलकाकडे पाहिलं.

“भावाची रोपवाटिका,” तो म्हणाला, “अगदी आमच्या समोरच आहे वाटतं?”

चिमणीनं गॉगल काढला. पकडले गेलोच आहोत, तर निदान ताठ मानेनं. “फलकाचे पैसे भरून देईन.”

“राजा गेला तर गेला. चहा घेणार?… हेर लोक चहा तर घेतच असतील.”

तिला हसू आलं, आणि ते दाबायला तिला उशीर झाला.

*

दोन्ही शोरूमपासून थोडं पुढे एक चहाची टपरी होती. तिथलं बाकडं ना लाल ना पांढरं. दुपारचं जेवण झालं की दोघं तिथे भेटू लागले. त्याला सगळे लंबू म्हणत, तीही म्हणू लागली. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. नियम मात्र पहिल्याच दिवशी ठरला होता: बाकड्यावर गिऱ्हाइकाचं नाव काढायचं नाही, आणि बाकड्यावर बोललेलं शोरूममध्ये न्यायचं नाही.

“तुझी काच आज फार चकचकीत दिसतेय,” ती एकदा म्हणाली.

“मीच पुसतो रोज. आमचा सफाईवाला म्हणतो, साहेब, माझ्या पोटावर का पाय देता?”

“एवढं काय दिसतं काचेतून?”

“समोरचं टेबल दिसतं. पूर्वी कोपऱ्यात होतं, हल्ली दारापाशी आलंय… का गं सरकवलंस?”

“उजेडासाठी,” चिमणी म्हणाली, आणि चहा गरम असल्याचं निमित्त करून त्यात फुंकर घालत बसली.

असल्या गोष्टी आईपासून लपत नाहीत. पोळ्या लाटता लाटता आई म्हणाली, “मुलगा चांगला असेल, मी कुठे नाही म्हणतेय? पण दोन दुकानं समोरासमोर आणि नवरा-बायको दोन्हीकडे, असं कुठे असतं का? एकाला सोडावं लागणार. कोणाला, ते मी सांगायला नको.”

आईचं हे एकच वाक्य तिला रात्रंदिवस टोचत होतं, कारण नेमकं त्याच आठवड्यात साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं होतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला कंपनीची नवी शाखा निघणार होती. फरशीचा कारखाना चालवणाऱ्या काकूंना एकदम चाळीस पिकअप घ्यायच्या होत्या. “ती ऑर्डर आणलीस तर शाखा तुझी,” साहेब म्हणाले होते. “नाही आणलीस तर माझा भाचा आहेच.”

भाच्याला पिकअप आणि रिक्षा यांतला फरक रंगावरून कळायचा. चिमणीनं त्याच क्षणी मनाशी खूणगाठ बांधली. शाखा तिची. मग समोर कोणीही उभा राहो.

समोर कोण उभा राहणार हे तिला ठाऊक होतं, आणि त्यालाही. त्या आठवड्यात बाकड्यावर दोघं हवापाण्याविषयीच फार बोलले.

*

फरशीवाल्या काकू म्हणजे भारी प्रस्थ. गाडी घ्यायची त्यांची स्वतःची एक रीत होती आणि तिच्यापुढे भल्याभल्यांची भंबेरी उडाली होती.

“आपल्या पोराचं कौतुक सगळेच करतात,” कारखान्याच्या अंगणात दोन्ही भरलेल्या गाड्यांसमोर उभ्या राहून त्या म्हणाल्या. “मला त्यात रस नाही. तू याची गाडी चालवायची, यानं तुझी. तो मागचा चढ चढायचा, उतरायचा, गाडी रिकामी होईपर्यंत थांबायचं. आणि मग मला सांगायचं, समोरच्याच्या गाडीत तुमच्यापेक्षा काय चांगलं आहे. खोटं बोललात तर मला कळतं. माझी माणसं चाळीस वर्षं माल वाहतायत.”

चिमणी पांढऱ्या पिकअपमध्ये चढली. सीट लंबूच्या मापानं मागे गेलेली होती. ती खसकन पुढे ओढून तिनं गाडी चढाला घातली. मागे फरशांचं ओझं, समोर खडीचा उभा रस्ता… आणि ती पांढरी बया एकदाही न कुरकुरता, न घसरता सरळ वर गेली. लाल गाडीला याच वळणावर खालचा गिअर टाकावा लागला असता. चिमणीला रडू यायचंच बाकी होतं.

उतरल्यावर काकूंनी आधी तिलाच विचारलं. “बोल गं.”

लंबू दोन हातांच्या अंतरावर उभा होता. साहेबांचा भाचा तिच्या डोळ्यांपुढे खुर्चीत बसून गरागरा फिरत होता. ‘काही विशेष नाही, काकू’ एवढंच तर म्हणायचं होतं. पण ते ओठांवर येईना. आयुष्यभर गाड्या विकायच्या असतील तर ती पहिल्या मोठ्या गिऱ्हाइकाशी खोटं बोलून सुरुवात करणार नव्हती.

“चढाला यांची गाडी आमच्यापेक्षा सरस आहे,” ती म्हणाली. “भरलेली असताना तर नक्कीच.”

काकूंनी मान हलवली आणि लंबूकडे वळल्या. त्यानं चिमणीकडे पाहिलंसुद्धा नाही.

“यांच्या हौद्याची उंची कमी आहे,” तो म्हणाला. “फाळका उघडला की फरशी कमरेच्या उंचीवर येते. आमच्या गाडीत खांद्यापर्यंत उचलावी लागते. तुमच्या हमालांनी आमच्यापेक्षा यांची गाडी खूप आधी रिकामी केली.”

काकूंनी हमालांच्या मुकादमाकडे पाहिलं. तो कमरेवर हात ठेवून नुसता हसला.

“चढ माझ्याकडे एवढा एकच आहे,” काकू म्हणाल्या. “पण कंबरा खूप आहेत. लाल गाड्या पाठवून दे गं, पोरी.”

*

शोरूममध्ये पेढ्यांचा बॉक्स फुटायच्या आधीच चिमणीचा आनंद नासला होता. साहेबांनी शाखेची किल्ली सगळ्यांसमोर तिच्या हातात दिली. टाळ्या वाजल्या. तेवढ्यात भाचा हसत म्हणाला, “समोरचा आपलाच माणूस असला की बरं असतं, नाही?”

तिनं किल्ली मुठीत आवळली आणि ती तडक बाहेर पडली. या वेळी वळसाबिळसा काही नाही. दुभाजकावरून उडी मारून, हॉर्न खात, ती बाकड्याकडे निघाली. लंबू तिथे एकटाच बसला होता.

“का दिलीस मला ऑर्डर?”

“मी कुठे दिली?”

“हौद्याच्या उंचीचं तू बोलला नसतास तर ती तुझी होती! मला… मला भीक नकोय, लंबू. चार लोक म्हणणार, हिला ती त्यानं मिळवून दिली. मीच मला तसं म्हणणार. मी आत्ता काकूंकडे जाते आणि पुन्हा चाचणी घ्या म्हणते.”

“जा,” तो म्हणाला. “पण चढाचं तू का बोललीस?”

“कारण ते खरं होतं.”

“मग खरं बोलायचा मक्ता काय लाल कंपनीनं घेतलाय?” तो पहिल्यांदाच चिडला होता, आणि चिडल्यावर तो आणखी उंच दिसत होता. “खोटं बोललो असतो तर काकूंनी मला पुन्हा दारात उभं केलं नसतं. पुढच्या वर्षी त्या आपल्या छोट्या गाड्या बदलणार आहेत, तेव्हा मी तिथे असणार आहे. तुझ्यासाठी? तुझ्यासाठी मी एक फाळकासुद्धा सोडणार नाही.”

“हे मी कशावरून खरं मानू?”

तो उठला, पुन्हा बसला आणि मान खाजवली.

“सांगणारच होतो… तू दुपारभर काकूंच्या कागदपत्रांत होतीस ना? तेवढ्या वेळात मी तुझ्या गॅस-सिलिंडरवाल्याकडे गेलो.”

“माझ्या… सिलिंडरवाल्याकडे?”

“त्याचं गोदाम टेकडीवर आहे. त्याला चढच चढ. बारा पांढऱ्या गाड्या. सही झाली.”

त्या सिलिंडरवाल्याच्या दारात चिमणीनं चपला झिजवल्या होत्या. त्याच्या मुलीच्या परीक्षेच्या तारखा तिला पाठ होत्या. तिचं डोकं सणकलं, कान तापले, चार सणसणीत शब्द जिभेवर आले… आणि त्यांच्या मागोमाग असा काही आनंद आला की ती मटकन बाकड्यावर बसली. या माणसानं तिच्या तोंडचा घास पळवला होता. म्हणजे ऑर्डर तिची होती, सोळा आणे तिची.

“नालायक,” ती म्हणाली.

“मान्य.”

“मी तुझं एक तरी गिऱ्हाईक पळवल्याशिवाय झोपणार नाही.”

“तेही मान्य.” त्याचे मोठे हात गुडघ्यांवर उगीचच चाळवाचाळव करत होते. “चिमणे, मला… गाड्या विकताना कधी अडखळायला होत नाही. तुझ्यापुढे होतं. मला तू आवडतेस. त्या राजाला आडवं केलंस, तेव्हापासून. लग्न करशील?”

रस्त्यावरून एक पांढरी पिकअप गेली, तिच्या मागोमाग एक लाल. चिमणीनं दोन्हींकडे पाहिलं नाही.

“मी नोकरी सोडणार नाही.”

“सोडलीस तर मी विचारलेलं परत घेईन.”

“आईला हे तूच सांगायचं. आणि शाखा उघडली की पहिल्या महिन्यात मी तुला बुडवणार आहे.”

“बुडवून बघ. मी काय हातावर हात ठेवून बसणार आहे?”

“घरी आल्यावर गिऱ्हाइकांची नावं काढायची नाहीत.”

“आणि चोरून एकमेकांची गिऱ्हाइकांची डायरी बघायची नाही.”

“तसा शब्द देणं कठीण आहे,” ती म्हणाली, आणि तिनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला, कारण एका हातात तो मावत नव्हता. “पण लग्नाला हो.”

मग ती उठली आणि पुन्हा रस्ता ओलांडून आपल्या शोरूममध्ये गेली. भाचा अजून पेढे खात होता. “माझं लग्न ठरलंय, समोरच्याशी,” ती त्याला म्हणाली. “आता सरक, मला फोन करायचाय. त्यांच्या त्या बर्फवाल्या गिऱ्हाइकाचा नंबर आहे का रे तुझ्याकडे?”