दोन ठोके

"बहिरा नव्हतो मी! ऐकलं होतं सगळं. पण आधी तोंड कुणी सोडलं? तू का मी?"

थोरला चढ चढता चढता एकटाच भांडत होता. ज्याच्याशी भांडत होता तो धाकटा भाऊ गेल्या साली याच रानात हरवला. चप्पलसुद्धा सापडली नाही.

दोघांचं काम एकच. डोंगराच्या पार माथ्यावर, जिथं पाखरूही टेकत नाही, तिथली जुनी झाडं मोजायची. एकेक खोड असं, की सहा माणसांच्या कवेत मावायचं नाही. खापरपणजाच्या खापरपणजानंही ते म्हातारंच बघितलेलं. प्रत्येकावर आकड्याचा पत्रा ठोकायचा, चार खिळ्यांनी. तिथलं धुकं माणसाची हाक गिळतं. म्हणून हरवलं की खोडावर हातोडीचे दोन ठोके द्यायचे, ऐकणाऱ्यानं उलट दोन द्यायचे. भांडण असो, मरण असो, द्यायचेच. बापाचा नियम.

आणि थोरला म्हणजे, चहा गरम लागला तरी कपाशी भांडणारा माणूस. गेल्या साली धाकटा एवढंच म्हणाला, "दादा, मी हे सोडतो. खाली दुकान टाकतो." याचं डोकं फिरलं.

"मग जा ना! तोंड दाखवू नकोस!"

धाकटा तरातरा गेला. धुकं उतरलं. दोन ठोके आले. हा दगडावर बसून राहिला. म्हणाला, बसू दे बोंबलत. पुन्हा दोन. मग दोन, लांबून. मग काहीच नाही.

आज दोनशे बाराच्या पुढून मोजायचं होतं. भर दुपारी धुकं खाली आलं. ओल्या सालीचा, कुजक्या पाल्याचा वास नाकात बसला. वारा नाही, किडा नाही. नुसता स्वतःचा श्वास.

ठक्. ठक्.

हात आपोआप उठला. त्यानं जवळच्या खोडावर दोन दिले.

"आलो रे... हलू नकोस..."

ठक्. ठक्. आवाजाच्या मागं चाचपडत तो एका खोडापाशी पोचला. कान लावला. ठोके आतून येत होते. भोवती फिरून हातोडीनं वाजवून बघितलं. खोड भरीव, कुठं ढोली नाही, फट नाही. हात फिरवला तर बोटाला टोचलं. सालीतून चार खिळ्यांची टोकं बाहेर आली होती. आतून ठोकलेली. कोरी, चकचकीत.

सांजेला तो धाकट्याच्या दारात उभा. वर्षभरात पहिल्यांदाच.

"वाट चुकलात का भाऊजी?" धाकट्याची बायको म्हणाली.

त्यानं सगळं ओकून टाकलं. "त्यानं ठोकलं होतं. मी ऐकलं होतं. उत्तर दिलं नाही."

तिनं त्याच्या हातातल्या हातोडीकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, "आज दिलंत ना?"

"शंभरदा दिलं. थांबत नाही तो..."

ठक्. ठक्.

तिनं दाराकडं बघितलं. "भाऊजी... दार तर उघडंच आहे..."

ठक्. ठक्. चौकटीच्या लाकडातून.

थोरल्यानं हातोडी तिच्या हातात कोंबली.

"माझं उत्तर त्याला चालत नाही. घे. तू ठोक."