उज्वलाची नोंद

उज्वलाच्या शेळीने निषादच्या लॅपटॉपची वायर चावली, तिथून दोघांची ओळख झाली.

निषाद नांदे गावचा. माले गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात बसून तो एक ॲप तयार करत होता. शेळीची माहिती भरली की तिला कोणतं औषध द्यायचं, ते ॲप सांगणार होतं. वायर गेली तरी तो रागावला नाही. म्हणाला, "आता तुमच्या कळपाची माहिती तुम्हीच भरा."

बारावी झालेली उज्वला रोज दुपारी येऊ लागली. पत्र्यावर पाऊस वाजायचा आणि दोघांची डोकी एका स्क्रीनवर वाकलेली असायची.

"इंजिनाला शेळी दिसत नाही," तो समजावायचा.

"इंजिन? पाण्याच्या पंपाचं?"

"नियमांचं. फॉर्ममधली एकेक गोष्ट त्याला तथ्य म्हणून सांगायची. शेळी गाभण आहे, हे तथ्य. मग नियम लागतो, गाभण असेल तर हे जंताचं औषध नको."

"म्हंजी सांगितलं तेवढंच खरं?"

"तेवढंच."

"आमच्या आबासारखं हाय की," वडिलांना आठवून ती म्हणाली.

तो हसला. "सरावाला एक तथ्य तुमचं भरू?"

ती खाली बघत म्हणाली, "भरा. लग्न ठरलंय."

त्याची बोटं थांबली... मग त्याने ते भरलं आणि खाली नियम लिहिला – ठरलेलं असेल तर चहाला विचारू नये, नसेल तर विचारावं. कळ दाबली. स्क्रीनवर आलं, 'विचारू नये.'

"इंजिन लई सभ्य हाय," ती म्हणाली.

"मी तेवढा नाही." पण चहाला त्याने विचारलं नाही.

श्रावणात ते लग्न मोडलं. उज्वलाला वाईट वाटलं नाही, आणि त्याचीच तिला लाज वाटली. निषादला आपल्या तोंडाने कसं सांगायचं? तो बाहेर डॉक्टरांशी बोलत होता, तेवढ्यात तिने आपली नोंद उघडली. 'ठरलंय' खोडून 'मोडलं' केलं.

तो आला, कळ दाबली, स्क्रीन पाहिली. "चला, आज मेंढ्या घेऊ."

दुसऱ्या दिवशीही तेच. आठव्या दिवशी तिने विचारलं, "साहेब, माझी नोंद बघता का कधी?"

"रोज बघतो," तो खिडकीकडे तोंड करून म्हणाला. "त्यावर मी काय बोलणार?"

तिला कळायचं ते कळलं. नांद्याचे जमीनवाले, मेंढरंवाल्यांची पोर कशाला करतील... आबांनी माणगावकडचं स्थळ आणलं. तिने मान डोलावली. सुपारी फुटली. दवाखान्यात जाणं तिने बंद केलं.

पंधरा दिवसांनी निषाद तिच्या दारात आला. निथळत उभा राहिला.

"तुकाबाईंच्या गाभण शेळीला ॲपने ते जंताचं औषध द्या म्हणून सांगितलं. डॉक्टरांनी वेळेत अडवलं. चूक माझी. फॉर्ममध्ये नोंद बदलली तरी इंजिनाकडे जुनंच तथ्य राहत होतं. बदललं की त्याला पुन्हा सांगावं लागतं, तेवढंच लिहायचं मी विसरलो." त्याने श्वास घेतला. "दुरुस्त करून सगळं परत चालवलं, तेव्हा तुमची नोंद... मला इतके दिवस 'विचारू नये' एवढंच दिसत होतं."

ती दाराची चौकट धरून उभी राहिली.

"बोला," ती म्हणाली. "एकदा तोंडानं बोला."

"तुम्ही मला आवडता. पहिल्या दिवसापासून."

"तवा का न्हाई बोललात?"

"तुम्ही तरी कुठं सांगितलंत?"

"व्हय," ती हळू म्हणाली. "मीबी न्हाई सांगितलं."

"आता... काही करता येणार नाही?"

"माझं एकदा मोडलंय, साहेब. आबाला परत चारचौघांत मान खाली घालायला न्हाई लावायची मी."

तो मागे वळला. मग गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि उतारावर विरत गेला.

"कोण आलतं गं?" आबांनी आतून विचारलं.

"दवाखान्यातलं," ती म्हणाली. "कायतरी चुकलं होतं म्हनं. दुरुस्त केलं."