नवख्यांसाठी राखलेली चूक

मिरजेच्या एका माडीवर रविवारी सकाळी तिघं बसली होती आणि समोरच्या पडद्यावर मांडवाच्या नव्या संकेतस्थळाचा आराखडा होता. मांडव म्हणजे संकेतस्थळं उभी करण्याचा तयार सांगाडा. खांब, वासे, गाठी आधीच दिलेल्या. वर छत कसलं घालायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. तो मुक्तस्रोत होता, म्हणजे त्याचा आतला कोड कुणालाही वाचता येई, सुधारता येई. दवाखान्यांत नंबर लावणारी, बाजार समित्यांचे भाव सांगणारी कितीतरी स्थळं त्यावर उभी होती. मांडव बांधणाऱ्या माणसांना एकमेकांना भेटायला मात्र स्वतःचं ठिकाण नव्हतं.

ते आता पद्मजा नरगुंदे आखत होती. पहिल्याच पानावर तिनं सावलीला बसवलं होतं. सावली हे कृत्रिम बुद्धीचं यंत्र मांडवाची देखभाल करी. चूक दिसली की पापणी लवायच्या आत दुरुस्ती तयार. विचारणाऱ्याला उत्तरही लगेच, त्याच्या बोलीत. मग चर्चेची दालनं, मदतीला माणसं, हे सगळं कशाला हवं, असं पद्मजाचं म्हणणं होतं. विचारायला एक खिडकी ठेवली की झालं.

इलियास सतारमेकर ऐकत होते. मांडवाची पहिली ओळ त्यांची. आता त्यांच्या नजरेतला मधला भाग धूसर झाला होता. अक्षरं कडेनं बघून वाचावी लागत. मांडवात कुठलाही बदल शिरण्याआधी दोन राखणदारांनी तो वाचून होकार द्यायचा, असा नियम होता, आणि राखणदार उरले होते दोनच, ते आणि पद्मजा. त्यांचे डोळे गेल्यावर दुसरा होकार कुणाचा? पद्मजाच्या आराखड्यात ती जागाही सावलीची होती. इलियासना तिथे माणूस हवा होता. म्हणून त्यांनी सिंधू ऐवळेला बोलावलं होतं. ती जतच्या दवाखान्यात परिचारिका होती आणि नोकरी सांभाळून मांडव शिकत होती.

आराखडा दाखवून झाल्यावर पद्मजा म्हणाली की आणखी एक गोष्ट आहे. सावलीनं इशारा दिला होता. कुणीतरी मांडवात मुद्दाम चुका घालत होतं. बारीकसारीकच, पण त्यातली एक, सावलीची दुरुस्ती पोचायच्या आत, सिंधूच्या दवाखान्यापर्यंत गेली. नंबरांच्या तारखा एक दिवस पुढे सरकल्या आणि म्हातारी माणसं उन्हातून हेलपाटा घालून परत गेली. अशा माणसाचा प्रवेश बंद करावा, असं सावलीनं सुचवलं होतं. माणसाचं नावही दिलं होतं. ते काही पद्मजानं उच्चारलं नाही.

"मीच तो," इलियास म्हणाले. "चहा घे, गार होतोय."

मग त्यांनी सांगितलं. पूर्वी जाणती माणसं सोप्या चुका दिसल्या तरी तशाच सोडून देत. त्याला नवख्याचा वाटा म्हणत. नवीन माणूस येई, धडपडे, पहिली दुरुस्ती करी आणि मांडवाचा होऊन जाई. पद्मजाही अशीच आली होती. सावली आल्यापासून वाट्याला काही उरेना, म्हणून इलियास स्वतःच चुका घालू लागले. नवखा पोचायच्या आत सावलीची दुरुस्ती तयार असे. मग ते आणखी एक घालत.

"स्वतःच्याच कौलांवर दगड मारताय, चाचा," पद्मजा म्हणाली. "आणि उन्हात पोळली जतची माणसं."

"दुसरा होकार तुझा होता. वाचला होतास?"

पद्मजानं कप उचलला. खाली त्यांचं नाव बघून तिनं होकार दिला होता.

इलियास सिंधूकडे वळले. तारीख कुठल्या ओळीनं सरकली, असं त्यांनी विचारलं. सिंधूनं पडद्यावरचा तो तुकडा दोनदा वाचला. तिला सांगता आलं नाही. त्या दिवशी तिनं सावलीला विचारलं होतं, उत्तर आलं होतं, काम भागलं होतं.

"मला कधी अडतच नाही," ती म्हणाली. "अडायच्या आधीच उत्तर हजर. पण तुमचंही चुकलंच, चाचा. दवाखान्याच्या खिडकीवर शिव्या मी खाल्ल्या. आम्हाला सुई टोचायला शिकवली ती संत्र्यावर. पेशंटवर नाही."

इलियास हसले. पद्मजा मात्र हसली नाही. तिनं आराखडा पुन्हा उघडला. पहिल्या पानावरून सावली खाली सरकली आणि तिथे एक दालन आलं, नवख्यांचा वाटा. आत मांडवाची वेगळी प्रत, वाटेल तितकी मोडा. खऱ्या मांडवातली चूक निरुपद्रवी असेल तर माणसं तीही इथे ठेवणार, आणि माणूस सांगेपर्यंत सावलीनं तिला हात लावायचा नाही. पद्मजानं एक अट घातली. इलियासनी यापुढे फक्त वाचायचं आणि होकार द्यायचा, लिहायचं काही नाही. ती त्यांनी लगेच मान्य केली.

संकेतस्थळ सुरू झालं. बिदरहून, चंद्रपूरहून माणसं आली, चुकली, भांडली, टिकली. सिंधू एका चुकीशी आठवडाभर झगडली. सावली गप्प उभी राहिली. त्यानंतर सिंधू वाचू लागली, खरोखर वाचू लागली. दिवाळीनंतर ती तिसरी राखणदार झाली आणि इलियासनी आपली जागा निर्धास्तपणे सोडली.

थंडीत एका सकाळी सिंधूला दालनात खऱ्या मांडवातली एक नवी चूक दिसली. ती कुणा माणसानं कळवली नव्हती. खाली सावलीची ओळ होती: "नवख्यांसाठी राखली आहे."

सावलीनं आपणहून कधी काही राखलं नव्हतं. सिंधूनं इलियासना फोन करून ते वाचून दाखवलं. ते खूश झाले. शिकली बघ, म्हणाले. मग त्यांनी विचारलं की चूक आहे ती कोडची ओळ शेवटची कुणी बदलली.

सिंधूनं पाहिलं. बदल आदल्या दिवशीचा होता. लिहिणारी सावली, आणि होकार दोन, पद्मजाचा आणि तिचा स्वतःचा. तिनं तो बदल शब्द न् शब्द वाचला होता, तिला पक्कं आठवत होतं.

सावलीला विचारावं म्हणून तिनं बोट उचललं, आणि तसंच धरलं. मग ती बदलाच्या पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला बसली. ही चूक सावलीनं राखली होती, की केली होती?