नकाशावर बंद पडलेला कॅम्प

“टिटवे, पुन्हा बंद केलं गं कुणीतरी आपल्याला!”

मावशीचा आवाज इतका चिरका लागला होता, की टिटवीने फोन कानापासून लांब धरला. मग तिने नकाशा उघडून पाहिला. तळ्याच्या काठावर मावशीच्या कॅम्पचं नाव होतं आणि त्याखाली लाल अक्षरांत दोन शब्द: ‘कायमचे बंद’.

‘जवळच्या कॅम्पच्या जागा’ असं शोधलं, तर मावशीचा कॅम्प यादीत येईचना. सगळ्यांत वर झळकत होते पलीकडच्या काठावरचे नवे बंगले.

टिटवी हे तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी प्रश्न विचारून विचारून तिने घर डोक्यावर घेतलं होतं, तेव्हा मावशीनेच ते ठेवलं. आता भौतिकशास्त्राची पदवी हातात होती, नोकरी नव्हती, आणि नात्यातले सगळे बिघडलेले फोन नि इस्त्र्या तिच्याकडे येत होत्या. ती मिळेल त्या बसने निघाली.

कॅम्पच्या फाटकाशी सगळे तंबू एकमेकांना खेटून उभे होते. वरचा हिरवागार सपाट टप्पा मात्र मोकळा होता. बसच्या धुळीने माखलेले पाय धुवायला टिटवी त्या टप्प्याच्या कडेला असलेल्या न्हाणीघरात गेली, तर दार हलेना. खांदा लावून ढकलावं लागलं.

“दार फुगलंय गं,” मावशी खालून ओरडली. “पावसापासून असंच आहे.”

शेकोटीच्या जागेभोवती बसायला लाकडाचे नवेकोरे ओंडके मांडले होते. टिटवी एकावर टेकली आणि उठली तेव्हा सलवारीला डिंक चिकटला होता.

फाटकाजवळच्या खोलीत मावशी फोन समोर ठेवून बसली होती, आजाऱ्याच्या उशाशी बसावं तशी. काका चहा गाळत होते.

“परवा शाळेची सहल यायचीय,” मावशी म्हणाली. “सकाळी त्या बाईंचा फोन. म्हणे तुम्ही बंद झालात असं दिसतंय, पालक विचारतायत. अहो, म्हटलं, मी बोलतेय ना तुमच्याशी? बंद कशी असेन?”

“मग येणार आहेत का त्या?”

“उद्यापर्यंत नकाशा नीट झाला तर. नाही तर दुसरीकडे जातील.” तिने फोन पालथा घातला. “ही सहल गेली की संपलं गं. जागा सोडायची नि मुलाच्या गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत बसायचं. माझ्या बाबांनी स्वतःच्या हातांनी साफ केलेली जमीन आहे ही, टिटवे.”

“जाऊ दे गं,” काका कपाकडे बघत म्हणाले. “किती जिवाला लावून घेशील?”

“तुमचं आपलं एकच! जाऊ दे, जाऊ दे! वरचा टप्पा रिकामा नि तंबू इथे कोंबलेत. काय, तर गवत वाढू द्यायचंय. परवा पोरांचे तंबू वरच लागणार, सांगून ठेवते.”

काकांनी टिटवीपुढे चहाचा कप सरकवला.

“पहिल्यांदा कधी बंद झालं?” टिटवीने विचारलं.

“तो मोठा पाऊस झाला ना, त्यानंतर. वळणावर दुकान आहे ना, त्या नकाशावाल्याने उघडून दिलं. की परत बंद. परत उघडलं, परत बंद.”

“दरवेळी तुला काही निरोप आला? मेल, मेसेज?”

“कसला निरोप? चोर काय सांगून येतो?”

“कुणावर संशय?”

“संशय कसला त्यात! पलीकडचा बंगलेवाला.”

बंगलेवाला गुळगुळीत चेहऱ्याचा, गुळगुळीत टेबलामागे बसलेला माणूस होता. टिटवीने आडपडदा न ठेवता विचारलं. तो खो खो हसला.

“ताई, एसी हवा असणारा माणूस तुमच्या मावशीच्या तंबूत झोपत नाही. आणि तंबूची हौस असणारा माझ्याकडे फिरकत नाही. मी तिला बंद करून काय लोणचं घालू?”

“बाहेरच्या माणसाला नकाशावर एखादी जागा बंद करता येते?”

“ते मला काय माहीत?”

“बघायचं करून? तुमच्यावर?”

त्याचं हसू मावळलं, पण तो नको म्हणाला नाही. टिटवीने आपल्या फोनवरून त्याचे बंगले बंद झाल्याचं सुचवलं. ‘सूचना तपासली जाईल’ असं उत्तर आलं. नावाखाली काहीच बदललं नाही. उलट टेबलावरचा त्याचा फोन टणटणला: कुणीतरी तुमची जागा बंद असल्याचं सुचवलं आहे, तुम्ही सहमत आहात का?

“नाही म्हणा,” टिटवी म्हणाली.

“म्हणतोच आहे!” त्याने घाईघाईने बोट दाबलं. “तुम्ही फार भारी पाहुण्या आहात हो.”

नकाशावाल्याचं दुकान वळणावर होतं. लोकांची दुकानं, खानावळी, कॅम्प नकाशाच्या शोधात वर आणून देणं हा त्याचा धंदा. टिटवीचा प्रश्न त्याला झोंबला.

“मी बंद करू? अहो, कुणीही नवीन गिऱ्हाईक आलं, की मी तुमच्या मावशीचा कॅम्प दाखवतो. माझी पाटीच आहे ती.”

“वर आणलात कसा?”

“वेळा नीट भरल्या, लोकांना अभिप्राय लिहायला लावलं. पण खरी जादू फोटोंची. तंबूच्या दारातून तळं दिसलं पाहिजे, असं मीच काकांना बजावलं. नवे फोटो टाकले नि कॅम्प असा वर गेला!”

“जुने फोटो आहेत?”

त्याने काढून दाखवले. जुन्या फोटोत वरच्या टप्प्यावर तंबू होते, पण त्यांच्या समोर, तळ्याकडच्या उतारावर, झाडांची दाट भिंत होती. पाण्याचा टिपूस दिसत नव्हता. नव्या फोटोत तेच तंबू, आणि समोर लखलखीत तळं.

“खात्याचा पासवर्ड कुणाकुणाकडे आहे?”

“मी, तुमची मावशी, तुमचे काका. बस्स.”

ती परत आली ती थेट वरच्या टप्प्यावर गेली. न्हाणीघराच्या दारावर तिने नख वाजवलं. टण्ण. चौकटीचा कोपरा पिशवीतल्या वहीच्या काटकोनी कोपऱ्याशी लावून पाहिला. मग कडेवरून खाली वाकली. उतारावर पाचोळ्याचे ढीग होते. एक तिने पायाने सरकवला. खाली झाडाचं खोड बुंध्याशी कापलेलं होतं, आतलं लाकूड घट्ट आणि निरोगी. थोडं मागे, गवतात, कुणीतरी ओली माती लांबच लांब थापली होती. तिने काठी टोचली. काठी आत गेली, आणखी आत गेली, आणि हातातून सुटली.

आपला अंदाज चुकीचा ठरावा, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा मनापासून वाटलं.

ती खोलीत आली तेव्हा ऊन उतरत होतं.

“सापडला का मेला?” मावशीने विचारलं.

“मावशी, बाहेरच्या कुणी सुचवलं, तर मालकाला विचारणा होते. तुला कधीच झाली नाही. म्हणजे हे आतून झालंय, मालकाच्या हक्काने. पासवर्ड तिघांकडे आहे. नकाशावाला स्वतःची पाटी स्वतः फोडणार नाही. आणि तू तर रडून रडून अर्धी झालीयस.”

मावशी सावकाश वळली. “अहो?”

काकांनी कप खाली ठेवला. तो बशीत कलंडला, तरी त्यांनी सरळ केला नाही.

“का ते मी सांगू, काका, की तुम्ही सांगता?”

“तूच सांग. माझ्याच्याने होणार नाही.”

“न्हाणीघराचं दार फुगलेलं नाही, मावशी. पत्र्याचं आहे ते, पत्रा फुगत नाही. चौकट तिरकी झालीय, कारण खालची जमीन सरकतेय. टप्प्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत भेग पडलीय. काका ती मातीने लिंपत होते, आणि तंबू त्यांनी म्हणूनच तिथून हलवले. गवताचं निमित्त होतं.”

“पण इतकी वर्षं नाही सरकली ती!”

“इतकी वर्षं झाडांच्या मुळांनी धरून ठेवली होती.”

“झाडांना वाळवी लागली होती. म्हणून तोडली. हेच म्हणाले मला.”

“एकाही झाडाला वाळवी नव्हती,” काका म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता. “फोटोत तळं दिसावं म्हणून तोडली. तू बाहेरगावी गेलीस तेव्हा. तुझ्या बाबांची झाडं. कॅम्प वर आला, तू किती खूश झालीस! मग तो पाऊस झाला आणि सकाळी पाहतो तर जमीन फाटलेली.”

“सांगायचं होतं मला!”

“भेगेचं सांगितलं असतं, तर झाडांचंही सांगावं लागलं असतं. धीर नाही झाला. वाटलं, लोक आलेच नाहीत तर कुणाचा जीव जाणार नाही. म्हणून बंद करत राहिलो. नकाशावाला उघडायचा, मी बंद करायचो. काल तू पोरांचे तंबू वर लावायचं ठरवलंस...”

ते उठून बाहेर गेले.

टिटवीने मावशीच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिने बाजूला केला. मग फोन उचलला.

“बाई, मी बोलतेय कॅम्पवरून. नकाशा बरोबर आहे. आम्ही बंद आहोत. नाही, नाही, मुलांना इथे आणूच नका. पलीकडे बंगले आहेत बघा, मालक भला माणूस आहे. मी बोलते त्याच्याशी.”

फोन ठेवून ती दारात आली. काका वरच्या टप्प्यावर, पार टोकाला, तळ्याकडे तोंड करून उभे होते.

“अहो!” मावशी ओरडली. “तुमच्याशी मी एक शब्द बोलणार नाहीये, ऐकलंत? पण आधी त्या कडेवरून मागे व्हा!”