एल्झानचा अंदाज

साखर शोधत लुंगा चुकून हवामानाच्या खोलीत शिरला.

"स्वयंपाकघर पलीकडे," एल्झान नकाशावरून मान वर न करता म्हणाली.

"आणि ढग?"

"ते इकडे. किती चमचे देऊ?"

तो खळखळून हसला... आणि मग रोज दुपारी काही ना काही निमित्त काढून येऊ लागला. कधी निखाऱ्यावर भाजलेला गरम पाव घेऊन, कधी नुसताच.

सदरलंडच्या टेकडीवरच्या वेधशाळेत तेव्हा यंत्रांपेक्षा एल्झानवर जास्त विश्वास होता. दुपारी ती करूच्या ओसाड माळरानावरचा कोरडा वारा गालावर घ्यायची, उपग्रहाची चित्रं पाहायची आणि रात्रीचा निकाल सांगायची. पाहुण्या शास्त्रज्ञांचा जीव त्या एका वाक्यात अडकलेला असे. ती 'ढग' म्हणाली, तर पाहुण्याने आपली रात्र दुरुस्तीवाल्यांना द्यायची आणि पुढच्या हंगामात बदली रात्रीसाठी परत यायचं. 'निरभ्र' म्हणाली, तर काम उरकून घरी!

लुंगाही असाच पाहुणा, आणि त्याची शेवटची रात्र उरली होती. त्याचा तारा दिवसेंदिवस विझत चालला होता. पुढच्या हंगामात तो दिसलाच नसता.

"आज काय म्हणतेस?" त्याने विचारलं.

पश्चिमेला ढगांची बारीक रेघ होती. अंधार पडायच्या आत ती विरणार, हे एल्झानला पक्कं ठाऊक होतं. पण 'ढग' म्हणायला तेवढी रेघ पुरली असती. कोणी शंकाही घेतली नसती... आणि लुंगा परत आला असता. मोह तरी किती व्हावा माणसाला!

"निरभ्र," ती म्हणाली. "तुझा तारा बघ... आणि जा."

"जा?"

"काम संपलं की सगळे जातात, लुंगा. मी नेहमीच बघते."

तो जरा घुटमळला. "मी पुढच्या वर्षीही वेळ मागितलाय. जूनमध्ये."

"जूनमध्ये? वेड लागलंय का तुला? इथला ऐन हिवाळा तो, बर्फ पडतो! आठवडा-आठवडा दुर्बिणीचा घुमट उघडत नाही. बघणार काय, डोंबल?"

"माझ्या संस्थेतही सगळे हेच म्हणाले—"

"मग?"

"मग काय... घुमट बंद असला, की तुला संध्याकाळी वेळ असतो ना?"

एल्झानचे डोळे भरून आले, आणि ते तिने लपवले नाहीत.

आता तिथला अंदाज संगणक सांगतो. पण तो जून एल्झानला अजून जसाच्या तसा आठवतो. घुमट एकदाही उघडला नाही, आणि दोघांपैकी कोणीही ढगांना नावं ठेवली नाहीत.