लायल गॅरिकची पाटी

“पाटी गेली!” डेल्फीन कोवाच दारातूनच ओरडली. “ब्राँझची पाटी, पेटीसकट गेली!”

ऑगस्टा ब्रेननने हातातला कॉफीचा मग काही खाली ठेवला नाही. टॅमरॅक फॉर्कसारख्या चिमुकल्या गावात खाजगी गुप्तहेराचं पोट जेमतेम भरतं, पण सकाळच्या कॉफीवर तिनं कधी पाणी सोडलं नव्हतं.

“आधी बस. कुणाची पाटी?”

“आणखी कुणाची? लायल गॅरिकची!”

टेबलापलीकडे ऑगस्टाचा दीर नॉर्बर्ट पॅनकेक खात होता. त्याला जोराचा ठसका लागला.

लायलचं नाव निघालं की गावात दोन तट पडायचे. गावाच्या बेसबॉल संघात तसा चेंडू टाकणारा पिचर पुन्हा झाला नाही. आणि एकोणऐंशी साली ऐन अंतिम सामना जुगाऱ्यांना विकला तोही त्यानंच. शेवटचा चेंडू असा सरळ आणि मऊ टाकला की समोरच्या पोरानं तो कुंपणापार टोलवला आणि सामना गेला. लायलवर आजन्म बंदी आली. आता इतक्या वर्षांनी गावाच्या गौरवदालनात त्याचा चेहरा असलेली पाटी लावायची, असं समितीनं फक्त एका मताच्या फरकानं ठरवलं होतं. समारंभ त्याच दुपारी होता आणि दालनाची देखभाल डेल्फीनकडे होती.

“पेटी काल संध्याकाळी ओतशाळेतून आली, खिळे ठोकलेली,” डेल्फीन सांगू लागली. “अध्यक्ष हार्लन म्हणाला, समारंभातच उघडायची, तोवर कुणी पाटीचं तोंडही पाहायचं नाही. म्हणून मागच्या खोलीत जमिनीवर ठेवली. आणि आता तो एमेट सोबोलवर शेरीफ सोडायला निघालाय!”

“एमेटच का?”

“त्यानं समितीच्या सभेत विरोधात मत दिलं आणि काठी आपटून सांगितलं होतं ना, पाटी लावलीत तर उपटून फेकीन म्हणून.”

“एमेट लायलचा कॅचर होता, त्याचे चेंडू झेलायचा, वहिनी,” नॉर्बर्ट तोंड पुसत म्हणाला. “लोक म्हणतात, तोही सामील होता. कॅचर बोटांनी खूण करतो, पिचर मान डोलावून तसा चेंडू टाकतो. मग तो सरळ चेंडू मागितला कुणी?”

“लोकांना दुसरं काम काय!”

“त्याच्या नावाला तेव्हापासून काळिमा लागलाय,” डेल्फीन म्हणाली. “आता चोर म्हणून हातकड्या पडल्या तर तो म्हातारा खचेल गं. दुपारच्या आत काहीतरी कर.”

ऑगस्टानं उरलेली कॉफी एका घोटात संपवली.

दालनाचं मागचं दार थेट मैदानावर उघडायचं. कुलूप शाबूत होतं. किल्ली पायपुसण्याखाली असते हे गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. मैदानाची माती आदल्या संध्याकाळीच दंताळ्यानं सारखी केली होती आणि चुन्याच्या रेषाही ताज्या होत्या. दारापासून रस्त्यापर्यंत एका चाकाच्या ढकलगाडीचा खोल माग गेला होता, त्याच्या मागोमाग बुटांचे ठसे.

चाकानं चुन्याची रेषा कापली होती. बुटानं मात्र रेषेला स्पर्शही केला नव्हता. एक ठसा अलीकडे, आणि लांब ढांग टाकून दुसरा पलीकडे.

“सभ्य चोर दिसतोय,” नॉर्बर्ट म्हणाला. “रेषा खराब होऊ नये म्हणून जपला.”

“मग चाकानं विस्कटली ती चालली होय रे त्याला?” ऑगस्टा वाकून ठशांच्या आजूबाजूची माती निरखत होती. “दुसरं काही दिसतंय? काही टोचल्याची खूण, भोक?”

“छे. नुसते बूट.”

तेवढ्यात समितीचा अध्यक्ष हार्लन प्रुइट तरातरा आला. गाड्या विकून गब्बर झालेला माणूस. ताज्या रेषेवरूनच चालत आला आणि त्याचे तपकिरी बूट पांढरे झाले.

“तपास कसला करतेस? एमेटला धर!”

“पाटीवर सामना विकल्याचं लिहिलंय का रे, हार्लन?”

“कशाला? विजय लिहिलेत, विक्रम लिहिलेत. हात सोन्याचा होता त्याचा. गौरव हाताचा असतो, चारित्र्याचं प्रवचन चर्चमध्ये ऐकावं!” त्यानं घड्याळ पाहिलं. “दुपारपर्यंत पाटी आली नाही तर शेरीफ एमेटच्या दारात असेल. सांगून ठेवतो.”

एमेट सोबोल मैदानाच्या पायऱ्यांवर सूर्यफुलाच्या बिया चावत बसला होता. ऑगस्टानं हाक मारली तसा काठी आणि कठडा दोन्ही धरून कण्हत उठला. जन्मभर उकिडवं बसून कॅचरचे गुडघे कामातून जातात, त्याचे कधीच गेले होते. येताना चुन्याच्या रेषेपाशी थांबला, काठीवर भार टाकला आणि पाय उचलून पलीकडे ठेवला.

“गुडघे दुखतात तर रेषेवरून या की, काका,” नॉर्बर्ट म्हणाला.

“अरे हट्! खेळाडू मेला तरी रेषेवर पाय देत नाही. अपशकुन असतो.”

“पाटी तुम्ही नेलीत?” ऑगस्टानं सरळ विचारलं.

“नेली असती तर छातीठोक सांगितलं असतं. हार्लन म्हणतो, गौरव हाताचा. हात काय एकटाच गेला होता पैसे घ्यायला?” एमेटनं बी थुंकली. मग उजवा हात मांडीपाशी नेऊन दोन बोटं खाली सोडली. “ही खूण केली होती मी. दोन बोटं, वळणारा चेंडू. कित्येक वर्षं सांगतोय. माझी बायको गेली, तिनंसुद्धा मनातून विश्वास ठेवला की नाही, देव जाणे.”

 ऑगस्टानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

लायल गॅरिकचं दुकान कब्रस्तानाजवळ होतं. बंदीनंतर थडग्यांच्या दगडांवर नावं कोरून त्यानं दिवस काढले होते. सत्तरी ओलांडली तरी दंड पहिलवानासारखे होते. नाक तरुणपणी चेंडू लागून जे वाकडं झालं ते झालंच. राखाडी धुळीनं माखलेल्या त्याच्या एप्रनवर मधेच काहीतरी पिवळं चमकत होतं.

“पाटी गेली म्हणे,” ऑगस्टा म्हणाली. “वाईट वाटलं?”

“कसलं वाईट! नाक सरळ केलंय माझं. हार्लनला वाकडं काही चालतच नाही.”

नॉर्बर्ट खो खो हसला. ऑगस्टा हसली नाही.

“नॉर्बर्ट, जा. डेल्फीन, हार्लन आणि एमेट, तिघांना इथेच घेऊन ये.”

“इथे? का?”

“सांगते. आणि त्या एप्रनवर काय आहे, वाटेत विचार कर.”

“मोहरीची चटणी,” नॉर्बर्ट लगेच म्हणाला आणि गेला.

तिघं आले. एमेट दाराबाहेरच थांबला. लायलकडे त्यानं पाहिलंही नाही.

“चोरानं चाक रेषेवरून नेलं, पाय मात्र उचलून पलीकडे टाकला,” ऑगस्टानं सुरुवात केली. “विचार करून नाही, सवयीनं. म्हणजे जुना खेळाडू. हार्लन, तू सुटलास. तुझे बूट बघ.”

हार्लननं बूट पाहिले. “मग एमेटच!”

“ढकलगाडीला दोन्ही हात लागतात. एमेट काठीशिवाय एक पाऊल टाकत नाही आणि त्या मातीत काठीचं एकही भोक नव्हतं. शिवाय पेटी जमिनीवर होती. ती उचलायला खाली बसावं लागतं. त्याला पायरीवरून उठताना पाहिलंयस?”

हार्लन दाराबाहेर एमेटच्या काठीकडे बघू लागला.

“पेटीला खिळे होते, पाटी इथे कुणीच पाहिली नव्हती. तरी लायलला ठाऊक होतं की तिच्यात त्याचं नाक सरळ आहे. आणि नॉर्बर्ट, ती चटणी नव्हे. दगडाची धूळ राखाडी असते. पिवळा चमकतो तो ब्राँझचा कीस.”

“पण वहिनी, स्वतःचीच पाटी का चोरेल कुणी?”

“चोरली नाही. पुरी केली. काढ ते फडकं, लायल.”

लायलनं निमूटपणे कोपऱ्यातलं फडकं ओढलं. विजय आणि विक्रमांच्या खाली, थडग्यावर कोरतात तशा ठसठशीत अक्षरांत दोन नव्या ओळी होत्या.

एकोणऐंशीचा अंतिम सामना याने पैसे घेऊन विकला.
कॅचर एमेट सोबोलने वळणारा चेंडू मागितला होता.

“खरं लिही, म्हणून हार्लनच्या विनवण्या केल्या,” लायल म्हणाला. “म्हणाला, पाहुणे पळतील. मला आत घेताय तर कुणाला घेताय, ते तरी लिहा! आणि तोंडी सांगून कोण ऐकणार होतं माझं? विकला गेलेला माणूस मी.”

एमेट आत आला. दुसऱ्या ओळीवरून त्यानं बोट फिरवलं, मग पुन्हा फिरवलं. त्याचे डोळे भरून आले.

“माफ नाही केलं हं तुला.”

“मागितलीच कुठे?”

“ही पाटी लागणार नाही!” हार्लन कडाडला. “मी माझं मत मागे घेतो. एका मतानं ठराव झाला होता, आता पडला!”

“मी विरुद्ध होतो,” एमेट नाक पुसत म्हणाला. “आता बाजूनं. एक गेलं, एक आलं. बोंबल आता.”

डेल्फीन हसता हसता रडायला लागली.

दुपारी पाटी लागली. कुणी नाकं मुरडली, कुणी टाळ्या वाजवल्या. बहुतेकांनी दुसरी ओळ वाचून झाल्यावर एमेटकडे वळून पाहिलं. काही जण येऊन त्याचा हात धरून गेले. तो पहिल्या रांगेत खुर्चीवर ऐटीत बसला होता.

पाटीशेजारी उभ्या असलेल्या लायलला कुठे बघावं ते कळत नव्हतं. शेवटी त्यानं समोर पाहिलं. एमेटनं हात मांडीपाशी नेला आणि हळूच दोन बोटं खाली सोडली.

लायलनं मान डोलावली.